बॅटरीची एकादशी

“अम्मा, थंडी पडली की हिला खाली ठेवू नकोस. रात्री वर घरात घे.”

संकर्षणचा हा आवाज अंबुजाबाईंच्या कानात राहिला तो टॅक्सीच्या घरघरीसकट. ‘हिला’ म्हणजे सुनेला नव्हे. सून अजून यायची होती, आणि ती केव्हा येणार हा विषय नैवेद्य झाल्याशिवाय काढायचा नाही असा त्या घरातला रिवाज होता. ‘हिला’ म्हणजे त्याच्या इलेक्ट्रिक सायकलच्या बॅटरीला. मुलगा कॅनडाला निघाला होता, बंगळूर विमानतळाची टॅक्सी म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधल्या त्यांच्या इमारतीच्या फाटकात उभी होती, आणि अंबुजाबाई त्याच्या तळहातावर घालायला दह्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. अशा वेळी मनात असतं ते कुणीच बोलत नाही. माणसं एकमेकांना सूचना देतात. अंबुजाबाई म्हणाल्या, तिकडे कान झाकून घेत जा, आणि एकादशी सोडू नकोस. तो म्हणाला, बॅटरी काठोकाठ भरायची नाही, अगदी रिकामीही होऊ द्यायची नाही, फार गार असेल तर चार्जिंगला लावायची नाही, आणि दर शनिवारी सायकलची एक फेरी झालीच पाहिजे. फार लांब नको, कुक्करहळ्ळीच्या तळ्यापर्यंत जाऊन परत यायचं.

“तू माझी बॅटरी सांभाळ, मी तुझ्या एकादशा सांभाळतो,” तो दही चाटत म्हणाला. “वचन?”

“वचन,” अंबुजाबाई म्हणाल्या.

माघात येतोच, आणि आलो की तुला टी. नरसीपूरला संगमावर स्नानाला नेतो, एवढं त्याने टॅक्सीच्या खिडकीतून सांगितलं, आणि टॅक्सी वळली. दह्याच्या वाटीत चमचाभर दही उरलं होतं. ते काय करावं हे न सुचून अंबुजाबाईंनी ते तुळशीच्या बुंध्याशी ठेवलं.

आता दुसऱ्या कुणी असं वचन दिलं असतं तर ते टॅक्सीच्या धुरासारखं विरूनही गेलं असतं. पण अंबुजाबाईंचा सगळा दिवसच वचनांवर उभा होता. पहाटे उठून अमुक स्तोत्र म्हटल्याशिवाय पाणी नाही, तुळशीला प्रदक्षिणा घातल्याशिवाय कॉफी नाही, सोमवारचं एक, गुरुवारचं दुसरं, चातुर्मासातलं तर विचारूच नये. कुठला नेम कुणासाठी धरला होता हे त्यांना स्वतःलाही कधीकधी आठवत नसे. पण मोडला एकही नव्हता. शिवाय हे वचन एकटं नव्हतं. त्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रापलीकडे, मुलाची एकादशी बांधलेली होती. इकडे बॅटरी सुटली की तिकडे एकादशी सुटली, आणि एकादशी सुटली की मग तिकडे त्याला घराशी धरून ठेवणारं असं राहिलं काय? हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. त्यांचा आवाज मुळातच इतका हळू होता की बोलल्या असत्या तरी कुणाला कळलं असतं की नाही, शंका आहे.

म्हैसूरच्या थंडीला बाहेरचे लोक हसतात. त्यांना हसू द्यावं. कार्तिक उलटला की इथला माणूस पहाटे दूध आणायला निघतो तो एव्हरेस्ट चढायला निघाल्यासारखा: स्वेटर, त्यावर शाल, पायांत मोजे आणि डोक्याला माकडटोपी. अंबुजाबाईंचे यजमान नरसिंहमूर्ती यांची माकडटोपी तर दिवाळीला डोक्यावर चढायची ती उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, उतरत नसे. आयुष्यभर त्यांनी विमा कचेरीत नोकरी केली होती आणि लोकांना पॉलिसीमागचा बारीक मजकूर समजावून सांगितला होता. निवृत्तीनंतर समजावायला लोक उरले नाहीत, मजकूर मात्र उरला. वर्तमानपत्रात “किमान तापमानात घट” असं वाचताच त्यांनी जाहीर केलं की शर्त क्रमांक एक लागू झाली. बॅटरी वर घ्यावी.

बॅटरी वर आली. पण ठेवायची कुठे? दिवाणखान्याची फरशी गार. निजायच्या खोलीत तिचा हिरवा दिवा लुकलुकतो, त्यामुळे नरसिंहमूर्तींना कुणीतरी आपल्याकडे बघत असल्यासारखं वाटे. ओट्याजवळ ठेवावी तर फार ऊबही वाईट, असं त्यांचं म्हणणं. राहिलं देवघर. लहानसं, दाराचं, आणि आत अखंड समई. सबंध घरात बाळाला निजवावं अशी ऊब असेल तर तिथेच.

मग प्रश्न आला मडीचा, म्हणजे सोवळ्याचा. खालच्या धुळीतून आलेली वस्तू सोवळ्यात कशी घ्यायची? शिवाय तिला उचलायला जो पट्टा होता तो चामड्याचा असला तर सगळंच संपलं. अंबुजाबाईंनी पट्टा नाकाशी नेऊन पाहिला, खिडकीच्या उजेडात पाहिला आणि तो रेक्झिनचा आहे असा निर्वाळा दिला. पाणी शिंपडणं तर शक्य नव्हतं. शेवटी कोरड्या तुळशीपत्राने तिला वरून खालपर्यंत पुसलं आणि संकर्षणच्या लहानपणच्या शालीत गुंडाळून बाळकृष्णाच्या शेजारी ठेवलं. तोही शेवटी कुणाच्यातरी भरवशावर दुसऱ्याच्या घरी वाढलेला. समजून घेईल, असं त्यांना वाटलं.

पहिल्या मजल्यावरच्या लक्ष्मीदेवी मंगळवारी हळदीकुंकवाला आल्या. त्यांच्या घरात विठ्ठल आणि शिवणकाम दोन्ही पिढीजात; दसऱ्याला कात्रीला आणि मशीनला कुंकू लावणाऱ्या बाईला बॅटरीचं काय नवल? त्यांनी देवाला लावलं, बॅटरीला लावलं, अंबुजाबाईंना लावलं, आणि मग विचारलं की हे काय आहे. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “अक्का, शाल सरकते रात्री. पोरांना नाही का आपण मापाचं शिवत?”

आणि खरोखरच टेप काढून त्यांनी बॅटरीची छाती, कंबर आणि उंची घेतली. चार दिवसांनी झबलं आलं. जांभळं मखमल, आत कापूस, कडेला जरीची पट्टी, तीन बटणं. आणि चार्जिंगच्या भोकापाशी एक छोटी झडप, तान्ह्या मुलाच्या कपड्याला सोयीसाठी ठेवतात तशी. ते घालताना अंबुजाबाईंचे हात थोडे थबकले. इतक्या लहान मापाचं काही या घरात फार वर्षांत आलं नव्हतं.

संकट आलं ते तिसऱ्या मजल्यावरून. इमारतीच्या संघाचे अध्यक्ष फत्तेसिंगराव हे ताठ कण्याचे, झुपकेदार मिशांचे गृहस्थ. त्यांचे आजोबा राजवाड्याच्या घोड्यांकडे पाहायला होते, आणि फत्तेसिंगराव अजूनही कुठल्याही वाहनाकडे दात तपासायच्या नजरेने पाहत. त्यांना कुणीतरी बॅटरी पेटल्याचा व्हिडिओ पाठवला होता. तो त्यांनी पुरता पाहिला, सगळ्या इमारतीला पाठवला आणि काठी टेकत खाली आले.

“अंबुजम्मा,” ते उंबऱ्यातूनच म्हणाले, “देवघरात सुरुंग ठेवलाय तुम्ही.”

नरसिंहमूर्तींनी कोणत्या नियमाखाली, असं विचारलं. नियम नव्हता, तर तो करायला बैठक बोलावली गेली. बैठकीत प्रत्येकाने बॅटरी सोडून बाकी सगळ्या विषयांवर मत दिलं: पाण्याची टाकी, भटकी कुत्री, कुणाच्या तरी कुंडीतून कुणाच्या तरी बाल्कनीत गळणारं पाणी. शेवटी तडजोड अशी झाली की बॅटरी घरात राहील, पण तिच्याजवळ वाळूची बादली ठेवावी आणि तिच्याजवळ ज्योत नसावी. दुसऱ्या दिवशी देवघरात लालभडक बादली आली, तीवर कन्नडमध्ये ‘आग’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. देवांनी काही मनात आणलं असेल तर ते चेहऱ्यावर दिसलं नाही. पण ज्योतीचं काय? समई विझवणं या जन्मी शक्य नव्हतं. तेव्हा बॅटरीलाच देवघरातून उठावं लागलं. झबल्यासकट तिला हातात घेऊन अंबुजाबाई बराच वेळ घरात नुसत्या फिरत राहिल्या.

या सगळ्या धामधुमीत शनिवारच्या फेरीचं काय झालं, असं कुणी विचारील. ती गोष्ट सांगताना नरसिंहमूर्ती घसा साफ करीत. पहिले दोन शनिवार ते स्वतः गेले होते, माकडटोपी, स्वेटर आणि हातमोजे घालून. पायडल मारणं त्यांना वयाला शोभणारं वाटत नसे. मुठीपाशी कळ दाबली की सायकल आपोआप जाते, मग पाय कशाला हलवायचे? दुसऱ्या शनिवारी तळ्याच्या पलीकडे जाऊन बॅटरीने मान टाकली. फिरायला आलेल्या निवृत्त प्राध्यापकांच्या एका घोळक्यासमोरून त्यांना सायकल हाताने ढकलत घरी यावं लागलं. प्राध्यापकांनी नुसती बाजूला होऊन वाट दिली, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

त्या दुपारी नरसिंहमूर्तींनी निर्णय दिला. थंडीत बॅटरी बाहेर ठेवू नये ही विशेष शर्त आहे. दर शनिवारी फेरी मारावी ही सर्वसाधारण शर्त. दोन्हींत विरोध आला की विशेष शर्त सर्वसाधारणाला मागे सारते. अर्थात थंडी सरेपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, फेरी तहकूब.

धर्मशास्त्रातही असंच असतं, हे अंबुजाबाईंना ठाऊक होतं. तरी मनात एक खडा राहिला. आणि त्या खड्याखाली आणखी एक गोष्ट होती जी त्यांनी या घरात कधीच सांगितली नव्हती. त्यांना सायकल येत होती. नुसती येत नव्हती. माहेरी, बेट्टदपुरला, टेकडीच्या पायथ्याच्या रस्त्यावर, अण्णाची मोठी सायकल दांडीखालून पाय घालून चालवताना त्या उताराला हात सोडत असत. लग्न ठरताना गाणं येतं का, कुळाचार माहीत आहेत का, होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, येतात का, सगळं विचारून झालं. सायकलचं कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. मग सांगायला इतका उशीर झाला की ते सांगण्याजोगं राहिलंच नाही.

धनुर्मास लागला. तांबडं फुटायच्या आत पूजा, मुगाच्या हुग्गीचा, म्हणजे खिचडीचा, नैवेद्य, आणि खिडकीबाहेर झाडांच्या शेंड्यांना धुकं. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही ही म्हैसूरच्या प्रत्येक घरातली चिंता. अंबुजाबाईंचा त्यावरचा उपाय म्हणजे कोठीतली लाकडी पेटी. तिच्यात पिठाचं पातेलं ठेवायचं, भोवती दोन घोंगड्या आणि वर उशी. सकाळी झाकण काढलं की आत हात घालून बसावंसं वाटेल अशी ऊब. ज्योत नाही, गार फरशी नाही. अंबुजाबाईंनी एका बुधवारी संध्याकाळी बॅटरीला झबलं घातलं, बटणं लावली, आणि पातेल्याच्या शेजारी घोंगडीत निजवलं.

त्या रात्री पीठ असं फुगलं, जसं गेल्या दहा हिवाळ्यांत फुगलं नव्हतं. कदाचित सोबत मिळाल्याचा परिणाम असेल. सकाळी उशी उचलली तेव्हा ती जड लागली. पातेल्याचं झाकण तिरकं झालं होतं, पीठ शांतपणे काठावरून उतरून घोंगडीत गेलं होतं, घोंगडीतून मखमलीत, आणि लक्ष्मीदेवींनी इतक्या मायेने ठेवलेल्या त्या झडपेतून थेट चार्जिंगच्या भोकात.

नरसिंहमूर्तींनी पाहणी केली. पेटीकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं, आणि म्हणाले की इडल्या मात्र आज मऊ होतील. झाल्याही.

लक्ष्मीदेवी झबलं धुवायला घेऊन गेल्या. अंबुजाबाईंनी कापूस गुंडाळलेल्या काडीने भोक साफ केलं, बॅटरी बाल्कनीत उन्हाला ठेवली आणि तिच्याजवळ कावळा येऊ नये म्हणून स्टूल टाकून बसल्या. पोट भरलेलं आहे की रिकामं हे पाहायला नरसिंहमूर्ती येता-जाता तिचं बटण दाबून दिवे लावत. दिवे चार होते, तीन झाले, दोन झाले, एक राहिला. आता सुकली, लावू या चार्जिंगला, असं ठरलं आणि त्याच दिवशी उजाडली वैकुंठ एकादशी.

त्या घरात एकादशीला अन्न शिजत नाही. पाणीसुद्धा अंबुजाबाई घेत नाहीत. नरसिंहमूर्ती औषधाच्या नावाखाली कॉफी घेतात आणि ती औषधासारखं तोंड करून पितात. चार्जर हातात घेऊन अंबुजाबाई भिंतीपाशी उभ्या राहिल्या. तिकडे पोर उपाशी असेल. बर्फात, कान झाकून, कुठल्यातरी परक्या खोलीत, आईला दिलेल्या शब्दासाठी. आणि त्याच्या जागी जी इथे आहे तिला आपण आजच्या दिवशी भरवायचं? हात पुढे होईना. त्यांनी चार्जर पुन्हा खणात ठेवला. एका दिवसाने काय होतं? द्वादशीला पहाटे पारणं करतोच आपण, तेव्हा हिचंही करू.

द्वादशीला, नैवेद्य दाखवून झाल्यावर, स्वतःच्या तोंडात तीर्थ घालण्याआधी अंबुजाबाईंनी चार्जर लावला. दिवा लागला नाही. काढून पुन्हा लावला. नरसिंहमूर्तींनी दुसऱ्या भिंतीला लावून पाहिला, मग माकडटोपी काढून पाहिला; ही टोपी ते फार गंभीर प्रसंगीच काढत. बॅटरी थंडगार आणि मुकी होती. त्या दिवशी अंबुजाबाईंचं पारणं तीर्थावरच राहिलं.

सर्व्हिस सेंटर गावाच्या दुसऱ्या टोकाला, कारखान्यांच्या वस्तीत. नरसिंहमूर्तींनी रिक्षात बसल्या बसल्या बजावलं, जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं. आपणहून माहिती दिली की दावा बुडतो. बॅटरी भाजीच्या पिशवीत होती, धुतल्यावर आटलेल्या झबल्यात, मधलं बटण न लागलेली. टेबलामागे चंद्रिका नावाची तरुण मुलगी होती. तिने झबल्याकडे पाहिलं, अंबुजाबाईंकडे पाहिलं, आणि काही न विचारता हळूच बटणं काढली. मग संगणकाकडे वळून विचारलं, आत काही गेलं का?

“नाही” असं नरसिंहमूर्ती म्हणायच्या आत अंबुजाबाई म्हणाल्या, “तांदूळ आणि उडीद. थोडी मेथी.”

संगणकात पावसाचं पाणी होतं, पुराचं पाणी होतं, चहा-कॉफी होती. इडली नव्हती. चंद्रिका आतल्या खोलीत विचारून आली. मग शेवटचं चार्जिंग कधी केलं? अंबुजाबाईंनी सांगितलं, एकादशीच्या आधीच्या मंगळवारी. नंतर वाळवण होतं आणि मग उपास. कुणाचा उपास, असं चंद्रिकाने विचारलं. आता यावर नरसिंहमूर्ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. अंबुजाबाईंनी उत्तर दिलं, पण ते इतकं हळू की चंद्रिकाने ते दुसऱ्यांदा विचारलं नाही. बॅटरी ठेवून जा, एवढंच म्हणाली. झबलंही ठेवलं तर चालेल.

ती नव्हती ते दिवस घरात चमत्कारिक गेले. काम काहीच कमी झालं नव्हतं, उलट वाढलं होतं. तरी अंबुजाबाईंना संध्याकाळी दिवेलागणीनंतर हात रिकामे वाटत. सवयीने त्या कोठीतली पेटी उघडून घोंगडीत हात घालून पाहत, आणि मग आलोच आहोत तर म्हणून घोंगडीची घडी पुन्हा करत. संक्रांतीचे तीळगूळ वाटताना लक्ष्मीदेवींनी विचारलं, अक्का, तब्येत बरी नाही का? कुणाची, असं अंबुजाबाईंच्या तोंडून गेलं.

शेवटी फोन आला आणि बॅटरी परत आली, चारही दिवे लावून. सोबत छापील कागद. बिघाडाचं कारण: थंड हवामान. पिठाचा आणि उपासाचा त्यात उल्लेखही नव्हता. झालं. सबंध इमारतीला एकदम सगळं आधीपासूनच माहीत असल्याचं निघालं. लक्ष्मीदेवींनी आणखी जाड कापसाचं झबलं शिवायचं ठरवलं. फत्तेसिंगराव म्हणाले, मी सांगत होतोच. वास्तविक ते आगीबद्दल सांगत होते. आणि नरसिंहमूर्तींनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि शनिवारची फेरी संक्रांतीवरून रथसप्तमीवर ढकलली.

संकर्षणचा फोन आला तो एका शुक्रवारी सकाळी. तिकडे संध्याकाळ होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला की माघात रजा मिळत नाहीये. उन्हाळ्यात बघतो. नक्की नाही, पण बघतो.

“बरं,” अंबुजाबाई म्हणाल्या. संगमाला न्यायची पिवळी साडी त्यांनी पंधरा दिवस आधीच धुऊन कपाटात वर ठेवली होती. तिचा विचार त्यांनी मनातल्या मनात बाजूला सारला. एक वाईट बातमी आलीच आहे तर आपलीही सांगून टाकावी, असं त्यांना वाटलं. आणि मग देवघर, झबलं, बादली, पीठ, उपास, चंद्रिका, सगळं त्यांनी सांगितलं, एका दमात, पाप सांगावं तसं. पलीकडे आधी हसू ऐकू आलं. मग ते थांबलं.

“अम्मा, म्हैसूरला कसली थंडी? ते सगळं बर्फाच्या गावांसाठी असतं. मी सुम्ने सांगितलं होतं.”

सुम्ने म्हणजे उगीच, काही कारण नसताना. त्या घरात ज्या गोष्टी सरळ सांगवत नसत त्या सगळ्या याच शब्दामागे उभ्या करायची पद्धत होती. आजारी सासूबाईंनी शेवटच्या दिवशी अंबुजाबाईंना जवळ बोलावलं होतं तेही सुम्नेच.

“सुम्ने?” त्यांनी विचारलं.

“दुसरं काही बोललो असतो तर टॅक्सीत बसलोच नसतो.”

फोनमध्ये तिकडचा वारा ऐकू येत होता, किंवा तसं वाटत होतं. मग अंबुजाबाईंनी जे विचारायची इतके महिने भीती वाटत होती ते विचारलं. सुम्नेच्या बदल्यात दिलेल्या शब्दाचं काय झालं? एकादशा?

सगळ्या धरल्या, तो म्हणाला, जणू त्यात विचारण्यासारखं काय आहे. पहिली चुकली होती. म्हैसूरचं पंचांग पाहून धरली आणि तिकडचा दिवस वेगळा निघाला, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा धरली. वैकुंठ एकादशीला कचेरीत कुणाचा तरी वाढदिवस होता. सगळ्यांच्या हातांत केक, आणि हा खिडकीपाशी पाण्याचा ग्लास घेऊन उभा. याचं पोट बिघडलंय असं समजून एक बाई संध्याकाळी घरी सूप घेऊन आल्या होत्या. तेही त्याने द्वादशीपर्यंत झाकून ठेवलं. कानसुद्धा झाकतो. “वचन दिलं होतं ना,” तो म्हणाला. मग सहज विचारल्यासारखं, “शनिवारची फेरी चालू आहे ना?”

आयुष्यात अंबुजाबाई कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

“उद्या शनिवार आहे,” त्या म्हणाल्या.

फोन ठेवून त्या देवघरात जाऊन बसल्या. बॅटरीला उबेला ठेवलं, कुंकू लावलं, नटवलं, उपास घडवला, पारणं केलं. जे सुम्ने सांगितलं होतं ते सगळं केलं. आणि त्याने एकच गोष्ट खरी मागितली होती, ती शर्तींच्या वादात राहून गेली. त्या पोराने एक एकादशी चुकली म्हणून दोन धरल्या. आणि आपण? लाल बादलीवरची ‘आग’ ही अक्षरं समोर होती. समईची वात पुढे सारून त्या उठल्या.

शनिवारी पूजा आटोपली तेव्हा बाहेर अजून करडंच होतं. नरसिंहमूर्ती माकडटोपीत गाढ झोपले होते. सोवळ्याचं नऊवारी बदलायला अंबुजाबाई कपाटापर्यंत गेल्या आणि थांबल्या. कासोटा घातलेलाच होता. याहून सोयीचं या कामाला दुसरं काय असणार? पंचांगाकडे हात जाऊ लागला तो त्यांनी मागे घेतला. राहुकाळ असलाच तर असो. बॅटरीचं झबलं काढलं, घडी घातली, पेटीत ठेवलं. संकर्षणचा जुना मफलर खुंटीवर होता तो घेतला, आणि बॅटरी कडेवर घेऊन जिना उतरल्या.

खाली सायकलवर धुळीचा थर होता. पदराने बैठक पुसली. बॅटरी खाचेत सरकवली तशी ती खट् करून बसली, आपली जागा ओळखल्यासारखी. चाव्यांचा जुडगा कमरेला खोवून त्या सायकल फाटकापर्यंत ढकलत नेत होत्या तेवढ्यात काठी वाजली. फत्तेसिंगराव फिरायला निघाले होते. त्यांनी नऊवारीकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला. व्हिडिओची आठवण त्यांना झाली असावी. पण आजोबांची जास्त झाली.

“लगाम सैल धरा,” ते म्हणाले, आणि फाटक उघडून धरलं.

अंबुजाबाईंनी मान हलवली. मफलर डोक्यावरून घेऊन दोन्ही कान नीट झाकले, हनुवटीखाली गाठ मारली. मुठीपाशी कळ होती. तिला हात न लावता उजवा पाय पायडलवर ठेवला, एकदा डगमगल्या, दुसऱ्यांदा डगमगल्या नाहीत, आणि फाटकाबाहेर पडून तळ्याच्या रस्त्याला लागल्या.